एकोणतिसावा नंबर

माणसाच्या अंगचे गुण कळायच्या आधी त्याचा नंबर कळावा लागतो, अशी आपल्याकडची रीत आहे. मुलगा शाळेतून निकाल घेऊन आला, की "काय काय शिकलास रे वर्षभरात?" असं विचारणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. "कितवा आलास?" हा पहिला प्रश्न आणि "मग पहिला कोण आला?" हा दुसरा. लग्न ठरवताना छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते आधी पाहतात. त्या दोघांचं जुळतंय का, हा प्रश्न लग्नानंतर पंचवीस वर्षांनी, तोही भांडणाच्या ओघात, निघतो. दवाखान्यात गेलं तरी आधी नंबर, मग दुखणं.

पण या बाबतीत अमेरिकन माणूस आपला गुरू शोभेल. त्यानं गाण्यांना नंबर लावले. आता बिनाका गीतमालेत अमीन सयानीही गाण्यांना एकेका पायदानावर चढवून बसवायचे; पण तो प्रकार कसा घरगुती, हळदीकुंकवासारखा. कुणी खालच्या पायरीवर बसलं तरी त्याची वास्तपुस्त व्हायची. अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाचं नियतकालिकच्या नियतकालिक या धंद्याला वाहिलेलं, आणि दर आठवड्याला शंभर गाण्यांची यादी. पहिलं आलं तर आनंदीआनंद, दहाच्या आत आलं तर पेढे, आणि त्याच्या खाली आलं तर? त्याच्या खाली आलं तर काय होतं, तेच आज सांगायचं आहे. कारण ज्या गाण्यावर माझा जीव जडला आहे, ते या यादीत एकोणतिसाव्या नंबरावर जाऊन थांबलं होतं.

गाण्याचं नाव 'गेट रेडी'. गाणाऱ्या मंडळींचं नाव 'द टेम्प्टेशन्स'. साल 1966. नावं ऐकून घाबरू नका. मीही काही पाश्चात्त्य संगीतातला दर्दी वगैरे नव्हे. पियानोला काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन जातींच्या पट्ट्या असतात, इथवर माझं शिक्षण झालेलं आहे. पण आंबा खायला कलमं बांधता यावी लागतात असं थोडंच आहे?

टेम्प्टेशन्स म्हणजे पाच कृष्णवर्णी तरुण. उंच, शिडशिडीत, पाचांच्या अंगात एकाच कापडाचे सूट, आणि गाताना पाचही जण एकाच क्षणी एकाच दिशेला वळणार. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीच्या वेळी पाच माणसांच्या टाळ्या कधी एकत्र पडलेल्या नाहीत, हे ध्यानात घेतलं म्हणजे या कसरतीची थोरवी कळते. आवाज मात्र पाचांचे पाच तऱ्हांचे. मेल्व्हिन फ्रँकलिनचा खर्ज इतका खोल, की बुवा विहिरीत उतरून बोलताहेत असं वाटावं. डेव्हिड रफिनचा आवाज खरखरीत, रात्रभर रडून सकाळी कामावर आलेल्या माणसासारखा. पॉल विल्यम्स आणि ओटिस विल्यम्स (नात्यानं एकमेकांचे कुणी नव्हेत) हे मधल्या मजल्यावरचे. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, पार गच्चीत, एडी केंड्रिक्सचा बारीक, पातळ, रेशमाच्या धाग्यासारखा आवाज. 'गेट रेडी' हे या गच्चीवरच्या माणसाचं गाणं.

आता या गाण्याचं घराणं सांगायला हवं. अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं मोटारी बनवणारं शहर आहे. तिथं बेरी गॉर्डी नावाचा एक गृहस्थ मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. समोरून पट्ट्यावर नुसता सांगाडा येतो आणि पलीकडच्या टोकाला चकचकीत गाडी होऊन बाहेर पडतो, हे त्यानं रोज पाहिलं. आपण पाहिलं असतं तर घरी येऊन पाय चेपून घेतले असते. त्याच्या मनात आलं, की गाणीही अशी बनवता येतील. 1959 साली घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्यानं रेकॉर्डची कंपनी काढली. तीच पुढे 'मोटाउन' म्हणून जगभर गाजली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ. घराबाहेर पाटी 'हिट्सव्हिल यू. एस. ए.' गाडी निघायच्या आधीच 'सुपरफास्ट' असं लिहून ठेवण्यातला प्रकार. पण या माणसानं ते खरं करून दाखवलं.

कारखाना म्हटला की तपासनीस आले. इथंही शुक्रवारी बैठक बसायची. तयार गाणी वाजवायची आणि कुठलं बाजारात पाठवायचं यावर मतं घ्यायची. गॉर्डीची कसोटी प्रसिद्ध आहे: तुमच्या खिशात शेवटचा डॉलर आहे आणि पोटात भूक आहे, तर तुम्ही ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच? साहित्यसमीक्षेवरची जाडजाड पुस्तकं मी उशाला घेऊन पाहिली आहेत, पण कलाकृतीच्या मूल्यमापनाची इतकी स्वच्छ कसोटी मला त्यात सापडली नाही. आपल्याकडच्या काही कादंबऱ्यांना ही कसोटी लावून पाहावी. पाव महाग होईल.

टेम्प्टेशन्स 1961 साली या कारखान्यात दाखल झाले आणि पहिली जवळजवळ तीन वर्षं त्यांचं एकही गाणं धड चाललं नाही. सहकारी थट्टेनं त्यांना 'हिटलेस टेम्प्टेशन्स' म्हणायचे. 'हिट्सव्हिल'मध्ये राहून 'हिटलेस' असणं म्हणजे पुण्यात राहून मत नसण्यासारखं. मग 1964 च्या सुरुवातीला स्मोकी रॉबिन्सन या कवीनं (स्वतः गायक, गीतकार, संगीतकार, सगळं एकाच अंगात) केंड्रिक्सच्या बारीक आवाजाला एक खेळकर गाणं दिलं, आणि ते थेट अकराव्या नंबरावर गेलं. मग त्यानंच रफिनच्या खरखरीत आवाजाला 'माय गर्ल' दिलं, ते 1965 साली पहिलं आलं. पहिलं म्हणजे अगदी पहिलं. स्मोकीचं कारखान्यातलं वजन आता काय विचारता.

पण वजनदार माणसाच्या मागं नेहमी एक धडपड्या माणूस उभा असतो. इथं त्याचं नाव नॉर्मन व्हिटफील्ड. त्यानं रफिनसाठी एक गाणं केलं होतं. रफिनला पट्टी मुद्दाम चढी दिलेली, म्हणजे त्याचा आवाज ताणला जाईल, घासला जाईल, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की हा आता रडतो की काय. शुक्रवारच्या बैठकीत हे गाणं मागं पडलं आणि स्मोकीचं 'गेट रेडी' पुढं गेलं. व्हिटफील्ड हटेना. तेव्हा गॉर्डीनं त्याला शब्द दिला, की 'गेट रेडी' फारसं चाललं नाही तर पुढची पाळी तुझी. 1966 च्या फेब्रुवारीत 'गेट रेडी' बाजारात आलं. शंभराच्या यादीत एकोणतिसावं. झालं! मे महिन्यात व्हिटफील्डचं गाणं आलं, ते तेराव्या नंबरापर्यंत चढलं, आणि टेम्प्टेशन्सची सूत्रं स्मोकीच्या हातून व्हिटफील्डच्या हाती गेली.

यातली गंमत पुढेच आहे. त्याच 'बिलबोर्ड'ची आणखी एक यादी होती, 'रिदम अँड ब्लूज'ची, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णी श्रोत्यांच्या पसंतीची. त्या यादीत 'गेट रेडी' पहिलं आलं होतं! म्हणजे ज्यांच्यातून ते गाणं निघालं, त्या वस्तीत पहिलं, आणि सगळ्या गावाच्या हिशेबात एकोणतिसावं. मुलगा वर्गात पहिला आला, पण शाळेत एकोणतिसावा. आणि मास्तरांनी प्रगतिपुस्तकात दुसराच आकडा लिहिला. कारण गॉर्डीला गिऱ्हाईक सगळ्या गावाचं हवं होतं.

आता गाण्याकडे वळू.

सुरुवातीलाच खालून एक धून येते. बास गिटार, शिंगवाद्यं, सगळे मिळून एक ठसठशीत तुकडा वाजवतात. तो जिन्यासारखा पायरी पायरी वर चढतो, पुन्हा खाली येतो, पुन्हा चढतो. तळमजल्यावर चार धट्टेकट्टे हमाल कपाट उचलताहेत असं वाटतं. ड्रमचा ठेका सरळ, डोक्याला न विचारता पायाला समजणारा. हे सगळं इतकं भारदस्त, इतकं मर्दानी चाललेलं असतं, की आता कुणीतरी पहाडी आवाजाचा पैलवान दंड थोपटत येणार याची आपली खात्री होते.

आणि येतो कोण? एडी केंड्रिक्स. त्या सगळ्या धडधडीच्या वर, कसलाही जोर न लावता, पतंगासारखा तरंगत. खाली कपाट चाललंय आणि वर पतंग उडतोय. मग मुखड्याशी आलं की उरलेले चौघे मध्ये येतात, त्याला झेलतात, ढकलतात, पुढं घालतात. तळमजला आणि गच्ची यांच्यामध्ये अचानक सगळं बिऱ्हाड नांदायला लागतं. हे सगळं पावणेतीन मिनिटांच्या आत. आमच्याकडे पावणेतीन मिनिटांत तंबोराही जुळत नाही.

पहिल्यांदा हे गाणं घरात लावलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवती मटार सोलत बसल्या होत्या.

"ही कोण गातेय?" तिनं विचारलं.

"ही नाही. हा."

"अगं बाई! आणि आवाजाला काय झालं?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हे. आमचे एक स्नेही आहेत, शास्त्रीय संगीतातले जाणकार. मैफलीत पहिल्या रांगेत बसून चुकीच्या जागी डोळे मिटून घेण्याइतके जाणकार. त्यांना गाणं ऐकवलं, तर अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला. "अहो, हा खोटा आवाज आहे. चोरटा. छातीतून येत नाही. असल्या आवाजात खरं काय सांगणार?"

आता हा आक्षेप टाकाऊ नाही. पाश्चात्त्यांनीही या आवाजाला 'फॉल्सेटो' हेच नाव ठेवलंय. शब्द इटालियन, अर्थ 'छोटंसं खोटं'. पण प्रकार काय आहे ते पाहू. आपण नेहमीच्या आवाजात बोलतो तेव्हा गळ्यातल्या स्वरतंतूंचा सबंध जाड भाग थरथरतो आणि ते एकमेकांवर नीट मिटतात. फॉल्सेटोत हेच तंतू ताणले जाऊन पातळ होतात, नुसत्या कडा थरथरतात, आणि पुरते मिटत नाहीत. त्या फटीतून हवा निसटत राहते. म्हणून तो आवाज असा हवेशीर, पोकळ, बासरीच्या जवळचा लागतो. आणि म्हणूनच त्याला दमही जास्त लागतो. म्हणजे आवाज खोटा म्हणा हवं तर, पण त्यासाठी खर्ची पडणारा श्वास अगदी खरा. शिवाय बालगंधर्वांच्या शालूपायी दागिने मोडणाऱ्यांच्या वंशात जन्मलेल्या आपण मराठी माणसांनी पुरुषाच्या नाजूक आवाजाला नाक मुरडावं, हे शोभत नाही. गंधर्वांचा आवाज फॉल्सेटो नव्हता, हे मला माहीत आहे. जाणकारांनी पत्रं पाठवू नयेत.

पण "खोट्या आवाजात खरं काय सांगणार?" या प्रश्नाचं उत्तर या गाण्यातच आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

गाण्याचा मजकूर बघा. एक तरुण एका मुलीला सांगतोय, की तयार राहा, मी येतोय. संपला मजकूर. आता हाच मजकूर जाड, भरदार, छातीतल्या आवाजात उच्चारून बघा. "तयार राहा, मी येतोय!" कोण येतंय असं वाटतं? वसुलीवाला. गावगुंड. सासरा. दाराची कडी लावून घ्यावी असं वाटतं. स्मोकी बिलंदर माणूस. त्यानं यात आणखी भर घातली. मुलांच्या गोष्टीत तो जॅक नाही का, घेवड्याच्या वेलावर चढून जाणारा? त्या गोष्टीतला राक्षस, माणसाचा वास आला की जी आरोळी ठोकतो, ती आरोळी स्मोकीनं चक्क या प्रियकराच्या तोंडी घातली आहे. आणि गायला दिली कुणाला? विहिरीतून बोलणारा फ्रँकलिन हाताशी असताना, पाचांतल्या सगळ्यात बारीक आवाजाच्या माणसाला! राक्षसाची डरकाळी पतंगाच्या तोंडी. त्याबरोबर त्यातली धमकी पार गळून पडते. उरतो तो नुसता उत्साह. माझ्यापासून तुला काही भय नाही, पण मी काही थांबत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगायच्या असतील, तर छातीतला आवाज काय कामाचा? ते खरं सांगायला हा 'छोटंसं खोटं' आवाजच हवा.

आणि पुढं एका कडव्यात तर हा बहाद्दर मनातली पाल चुकचुकल्याचंही सांगून टाकतो. माझ्या दोस्तांनाही तू आवडलीस तर मला ते समजण्यासारखं आहे, म्हणतो. फक्त त्यांच्या आधी मी पोचलो म्हणजे झालं. बघा! एवढा वेळ 'येतोय, येतोय' म्हणून जी गर्जना चालली होती, तिच्या पोटात ही धास्ती होती. हा विजयी वीर नव्हे. याला पोचायला उशीर होईल अशी भीती आहे. तो धावतोय. ती तळमजल्याची धडधड म्हणजे हमाल नव्हेत, त्याची छाती आहे. हे एकदा ध्यानात आलं, की गाणं पुन्हा ऐकावं लागतं. मी ते मोजदाद सोडून देईपर्यंत ऐकलंय.

मी सांगतोय ते खरं का, याचा पुरावा अमेरिकन लोकांनीच तयार करून ठेवलाय. 'रेअर अर्थ' नावाचा गोऱ्या वादकांचा एक संच होता, तोही मोटाउनच्याच गोतावळ्यातला. त्यांनी 1969 साली आपल्या तबकडीवर हेच 'गेट रेडी' घेतलं आणि असं ताणलं, की तबकडीची सबंध एक बाजू त्यातच खपली. एकवीस मिनिटांच्या वर! मध्ये प्रत्येक वाद्याला बोलायला वेळ दिलेला, संमेलनाच्या व्यासपीठासारखा. मूळ गाण्यातला प्रियकर पावणेतीन मिनिटांत पोचतो. हा एकवीस मिनिटं नुसता 'निघालो, निघालो' म्हणतो. पण वादन दणदणीत, यात वाद नाही. त्याचंच आटोपशीर रूप 1970 साली वेगळं बाजारात आलं आणि यादीत चौथं आलं. चौथं! तेच शब्द, तीच चाल, तोच जिना. गाणारा मात्र छातीतून, जाड, घोगऱ्या, भरघोस आवाजात गाणारा.

मी दोन्ही गाणी एकामागोमाग एक घरात लावली. परीक्षक म्हणून सौभाग्यवती. नंबर मुद्दामच सांगितले नव्हते. ती कणीक मळत होती. आधी जाड आवाजाचं लावलं. ऐकून घेतलं तिनं. मग केंड्रिक्सचं लावलं. यावेळी "ही कोण" वगैरे काही नाही. कणीक मळणारे हात त्या जिन्याच्या ठेक्यावर पडायला लागले.

"मग? काय म्हणतेस?"

"सांगू का? तो पहिला आला तर मी दार उघडायची नाही. तुम्ही आहात का घरात, ते आधी बघेन."

"आणि हा?"

"याला चहा टाकायला हरकत नाही." जरा थांबून ती म्हणाली, "बिचारा जिने चढून आलाय."

एवढ्या पानांत मी जे सांगायची खटपट केली, ते तिनं कणकेच्या हातानं दोन वाक्यांत सांगितलं. समीक्षकांना स्वयंपाकघरात का पाठवत नाहीत, कळत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर ती यादी काही खोटं बोलली नव्हती. लोकांनी पैसे मोजून जे घेतलं आणि रेडिओवर जे वाजलं, तेच तिनं छापलं. व्हिटफील्डही काही खलनायक नव्हे. रफिनच्या गळ्यातलं दुःख त्यानं जगाला ऐकवलं, आणि पुढे 1971 साली त्यानंच केंड्रिक्सच्या बारीक आवाजाला 'जस्ट माय इमॅजिनेशन' हे संथ, स्वप्नाळू गाणं दिलं. ते तर पहिल्या नंबरावर गेलं. पण गंमत पाहा, हळुवार गाण्यात हा आवाज लोकांनी डोक्यावर घेतला. स्वप्न बघणाऱ्या पुरुषाचा आवाज बारीक असला तर चालतो. पण जो निघालाय, धावतोय, "मी येतोय" म्हणतोय, त्याचा आवाज जाडच पाहिजे, अशी कुठंतरी आपली समजूत आहे. ही समजूत काही एकट्या अमेरिकेची नव्हे. आपल्याकडेही मुलाचा आवाज फुटायला लागला, की सगळं घर कान टवकारून बसतं. फुटला एकदाचा, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतं. आणि नाही फुटला, की शेजारपाजारचे काका-मामा त्याला सुपारी फोडल्यासारखे शब्द ऐकवायला मोकळे. त्या मुलांपैकी किती जणांनी गाणं सोडलं असेल, याची यादी कुठलंच मासिक छापत नाही. 'गेट रेडी' ऐकताना मला नेहमी वाटतं, की अशा एखाद्या मुलाला हे वेळेवर ऐकायला मिळायला हवं होतं. बारीक आवाजात लाजायचंच असतं असं नाही, त्या आवाजात दिमाखानं निघताही येतं, हे त्याला कळलं असतं.

त्या 'जस्ट माय इमॅजिनेशन'नंतर केंड्रिक्स टेम्प्टेशन्समधून बाहेर पडला. 1973 साली एकट्याच्या नावावर पहिला नंबरही मिळवून झाला. 1985 साली न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात हॉल आणि ओट्स या जोडीबरोबर तो आणि रफिन पुन्हा एकत्र गायले. रफिन 1991 साली गेला. त्याच वर्षी केंड्रिक्सचं एक फुप्फुस काढावं लागलं, कर्करोगामुळे. 5 ऑक्टोबर 1992 ला तो अलाबामातल्या बर्मिंगहॅम या आपल्या गावी वारला. वय अवघं बावन्न. खोट्या म्हटल्या जाणाऱ्या आवाजासाठी त्यानं आयुष्यभर खरा श्वास मोजला होता. शेवटी तोच कमी पडला. हे माहीत झाल्यावर गाणं ऐकून रडू येईल, असं मला वाटलं होतं. येत नाही. सुरुवातीचा तो जिना सुरू झाला, की पाय हलतोच. ते गाणं दुःखाला घरात घ्यायला तयारच नाही.

त्यानं तेव्हाच सांगितलं होतं, की येतोय, तयार राहा. आमच्या घरी पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. दोस्त मंडळी त्याच्या आधी येऊन गेली होती, हे मान्य. पण चहा अजून तयार आहे.

त्याच्या वरच्या अठ्ठावीस पायऱ्यांवर कोणकोणती गाणी बसली होती, ते मी मुद्दामच शोधलेलं नाही. "मग पहिला कोण आला?" असं विचारायची ज्यांना सवय आहे, त्यांनी खुशाल शोधावं. सापडलं तर मला कळवू नये.